चौपन्न दगड, एक सही

गावाचं नाव मी लिहीत नाही. दुधनीच्या पुढे, कर्नाटकाची हद्द जिथून हाकेच्या अंतरावर आहे, तिथलं एक गाव, एवढं पुरे. नाव झाकलंय ते गावाच्या अब्रूसाठी नव्हे, माझ्या. कारण पुढे कळेलच.

मी चिपळूणची. सगळी नोकरी इमारतींचे नकाशे काढण्यात गेली. निवृत्त झाल्यावर जुन्या देवळांची मापं घेऊन नकाशे करून द्यायचा नाद लागला. स्वभावानं मी काळजीखोर. गॅस बंद केलाय का हे तीनदा पाहते आणि रिक्षात बसल्यावर चौथ्यांदा आठवून बघते. असं असूनही आयुष्यात एकदा न पाहता सही केली, आणि तीच नेमकी अंगाशी आली.

दोन वर्षांपूर्वी या गावच्या महादेवाच्या देवळाचं काम माझ्याकडे आलं. काळ्या दगडाचं हेमाडपंती देऊळ. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड नुसता बसवलेला. आमच्याकडे कोकणात जांभ्या दगडाची भिंत आणि वर कौलं. एखादा चिरा फुटला तर दुसरा घालायचा, चिऱ्याला चिरा सारखाच. इथं तसं नाही. इथला प्रत्येक दगड शेजारच्या दगडासाठी घडवलेला असतो, दुसऱ्या कुणाशी त्याचं जमत नाही. खालची काळी माती खचून देऊळ कलायला लागलं होतं. म्हणून गावानं ठरवलं की एकेक दगड उतरवायचा, पाया पक्का करायचा आणि देऊळ होतं तसं पुन्हा रचायचं. त्यासाठी प्रत्येक दगडावर आकडा हवा. आकडे घातले गावच्या सायबण्णा पाथरवटानं, पिवळ्या ऑइलपेंटनं. नकाशावर ते आकडे चढवले मी. आणि शेवटी कागदावर लिहून दिलं : "चारही बाजूंचे आकडे तपासले. नकाशाशी जुळतात." खाली माझी सही.

चारही बाजू मी तपासल्या नव्हत्या. दारापासून सुरुवात करून दक्षिण पाहिली, पश्चिम पाहिली, उत्तरेची अर्धी भिंत पाहिली आणि परत फिरले. पलीकडे एका गोठ्याची भिंत देवळाला हातभर अंतरावर आलेली होती, ऊन मी म्हणत होतं, आणि एकेचाळीसनंतर बेचाळीसच येणार, दुसरं काय येणार? राहिलेले आकडे मी घरी येऊन, चहा पीत, ओघानं टाकून दिले.

मग दोन वर्षांनी मल्लिनाथअण्णांचा फोन आला. हे देऊळ समितीचे प्रमुख.

"म्याडम, दगडं बसनात."

"म्हणजे?"

"तुमच्या नकाशापरमाणं लावालोय की. तीन बाजू गपगार बसल्या. दाराच्या उजव्या अंगापासनं गोमुखापातुर काय बी जमंना. सोमवारी आमी स्लॅबवाल्याला बोलावलंय. त्याच्या आत येऊन बगा, न्हायतर ऱ्हाऊ द्या. सिमेंटचं देऊळ बांधतो आमी, दगडं घाटाला लावतो."

फोन ठेवल्याबरोबर मी जुन्या नकाशाची फाइल काढून बसले. आमचे हे म्हणाले, "एवढं काय झालं? जाऊन ये." त्यांना ती न तपासलेल्या बाजूची गोष्ट मी सांगितलेली नव्हती. कुणालाच सांगितलेली नव्हती.

शुक्रवार : सोलापूर

सोलापूरला संध्याकाळी उतरले. स्टेशनाजवळच्या लॉजवर सामान टाकून तळ्यातल्या देवळाकडे गेले. पाण्यातून गेलेली वाट, दोन्हीकडे माणसं निवांत बसलेली, कुणी माशांना कुरमुरे टाकतंय. एरवी मी अशा ठिकाणी तासभर रमले असते. त्या दिवशी मला फक्त दगड दिसत होते, आणि प्रत्येक दगडावर पिवळा आकडा असल्याचा भास होत होता. एका खांबाचा सांधा मी इतका वेळ निरखत उभी राहिले की शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हरवलंय का तुमचं?" मी नाही म्हणाले.

जेवायला एका खानावळीत कडक भाकरी मिळाली. पापडासारखी कडकडीत भाकरी, वर शेंगाची चटणी आणि दही. आमच्या भाताच्या सवयीच्या दातांना ती जड गेली, पण चव अशी की मी दुसरी मागून घेतली. वाढणारी बाई बघून हसत म्हणाली, "भिजवून खावा की रश्शात. दात हितंच ठिवून जाताव काय?" मी हसले. मग सोमवार आठवला आणि दुसरी भाकरी अर्धीच राहिली.

शनिवार : चौथऱ्यावर

अक्कलकोट मागं पडलं तसं एसटीतलं बोलणं हळूहळू कानडीत शिरलं. एकच माणूस तिकीट मराठीत मागत होता आणि शेजाऱ्याशी कानडीत भांडत होता. दोन्हीकडे तुरीची शेतं, मध्येच काळीभोर नांगरट. हीच माती देऊळ गिळायला निघाली होती.

"बर्री, बर्री, या की," मल्लिनाथअण्णांनी फाट्यावर स्वागत केलं. उंच माणूस, पांढरी टोपी, बोलताना समोरच्याकडे न पाहता लांब शेताकडे पाहण्याची सवय. रागावलेले असतील असं वाटलं होतं. ते नुसते थकलेले होते, आणि ते मला जास्त लागलं.

देऊळ होतं तिथं आता नवा पक्का चौथरा. देव पत्र्याच्या शेडमध्ये. चौथऱ्यावर पहिला थर चढत होता आणि भोवती सगळ्या रानात दगड पसरलेले, त्यांच्या पाठीवर आकडे. पिंडीवर घातलेलं पाणी जिथून बाहेर पडतं ते दगडी गोमुख उत्तरेला आपल्या जागी बसवलेलं होतं. गोठा पाडलेला होता. दोन वर्षांपूर्वी मला अडवायला कारण होतं ते आता उरलं नव्हतं.

पहिल्या थरात चौपन्न दगड. दारापासून दक्षिणेनं फिरत गोमुखापर्यंत एकेचाळीस, ते बिनचूक बसलेले. आणि या दगडांवर, चुन्याच्या सफेदीचे थर खरवडून काढल्यावर, एक गोष्ट वर आली होती जी मी मापं घेताना पाहिलीच नव्हती : हंसांची रांग. वीतभर उंचीचे हंस, एकामागे एक, माना वर करून चाललेले. कुठे हंसाचं डोकं एका दगडावर आणि शेपूट पुढच्यावर. एकेचाळीस दगड ते न चुकता चालत आले होते.

गोमुखाच्या पलीकडे मात्र सगळा घोळ. बेचाळीस ते चौपन्न हे तेरा दगड माझ्या नकाशाप्रमाणे मांडून ठेवलेले. कोपऱ्याचा दगड भिंतीच्या मधोमध येत होता. एका हंसाच्या धडाला दुसऱ्याची चोच चिकटली होती. शिवाय या तेरा दगडांवरचे हंस उलट दिशेला तोंड करून होते.

"ही दगडं दुसऱ्याच देवळातली असत्याल असं आमचा मिस्त्री म्हणालाय," अण्णा म्हणाले. "न्हायतर सायबण्णानं आकडं घालताना घोटाळा केला. घेत होता की तो. समद्या गावाला ठाव हाय."

"त्यालाच विचारलं तर?"

"गेला की तो. पावसाळ्यात."

मला ऐकून वाईट वाटलं, हे खरं. पण त्याच्या आधी, अगदी निमिषभर, सुटल्यासारखंही वाटलं. मेलेला माणूस काही बोलणार नव्हता. हे लिहिताना माझीच मला लाज वाटते, पण प्रवासाचं वर्णन लिहायला बसलेय तर हा मुक्कामही गाळता येणार नाही.

पंचेचाळीस नंबरच्या दगडापाशी मात्र मी वाकले. तो बसेना म्हणून मिस्त्रीनं त्याची एक कड छिन्नीनं उडवली होती. एका हंसाची शेपूट गेली होती. कपच्या अजून खाली पडलेल्या होत्या.

मी तिथंच एका दगडावर बसले. थोड्या वेळानं अण्णा घसा खाकरून म्हणाले, "म्याडम, त्या दगडावर आजच रंग दिलाय." उठून पाहते तर साडीवर मागे पिवळा सत्तावन्न, आरशात दिसतो तसा. चौथऱ्यावरचे गडी तोंड फिरवून हसले. अण्णाही हसले, त्या दिवसात पहिल्यांदाच. "आता तुमाला बी कुटंतरी बसवायला लागतंय," म्हणाले.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. माणसं हसत होती, वेळ बरी होती. मी साडीचा डाग घासत राहिले.

रविवार : शांताबाई

सायबण्णाची एखादी वही असेल, त्यात क्रम लिहिलेला असेल, या आशेवर मी त्याच्या घरी गेले. गावाच्या कडेला दोन खोल्या, अंगणात अर्धवट घडलेले पाटे-वरवंटे. त्याची बायको शांताबाई शेंगा फोडत बसली होती. मी देवळाच्या कामाची आहे असं सांगितल्यावर तिचा हात थांबला.

"वही न्हाय अक्का. त्यांला लिवाय येत नव्हतं. आकडं तेवढं येत हुतं."

तिनं आतून ताक आणून दिलं आणि पुन्हा शेंगा घेतल्या.

"पिऊन आकडं घातलं म्हणत्यात गावात," ती शेंगांकडे बघत म्हणाली. "पीत हुते, न्हाय कशाला म्हणू. पर देवळाचं काम हुतं तवर दुकानाकडं बगितलं न्हाय त्यांनी. रोज आंगूळ करूनच रंगाचा डबा उचलायचे. पायात चप्पल न्हाय, काय न्हाय. खरं खरं सांगा तुमी, असा मानूस चुकंल का?"

ती मला विचारत होती. जगात एकच माणूस होतं ज्याला याचं उत्तर ठाऊक असण्याची शक्यता होती, आणि ते माणूस तिच्या अंगणात तिनं दिलेलं ताक पीत बसलं होतं. मी पेला खाली ठेवला.

नवरा गेल्यापासून ती चौथऱ्याकडे फिरकली नव्हती. लोक बोलतात म्हणून. मी म्हटलं, चला माझ्याबरोबर. का म्हटलं ते मला सांगता येणार नाही. एकटीनं परत जायची भीती वाटत होती, एवढंच.

दुपारचं ऊन, गडी जेवायला गेलेले. शांताबाईनं चप्पल काढली, दाराच्या जागी हात जोडले आणि चौथऱ्याभोवती चालू लागली. मी तिच्या मागोमाग. दक्षिण झाली, पश्चिम झाली, उत्तरेला वळलो. मी खाली हंसांकडे बघत चालले होते आणि एकदम तिच्यावरच आदळले. ती गोमुखापाशी थांबून मागे फिरली होती.

"का हो? पुढं नाही जायचं?"

ती माझ्याकडे बघत राहिली, अडाणी माणसाकडे बघावं तशी. "महादेवाला आख्खी फेरी कोन घालतंय अक्का? गोमुख वलांडत न्हाईत की."

"पण देव तर तिकडं शेडमध्ये आहे."

"देव न्हाय, पर वाट हाय की."

आणि ती आल्या वाटेनं परत दारापाशी गेली. तिथून दुसऱ्या अंगानं, उलट बाजूनं, पुन्हा गोमुखाकडे आली आणि पलीकडे येऊन उभी राहिली. आमच्या दोघींच्या मध्ये तेवढं ते दगडी पन्हळ होतं.

सायबण्णा आंघोळ करून, अनवाणी, रंगाचा डबा घेऊन अगदी असाच फिरला असणार. दारापासून गोमुखापर्यंत एक ते एकेचाळीस. मग गोमुख ओलांडायचं नाही म्हणून मागे फिरून पुन्हा दाराशी, आणि तिथून दुसऱ्या बाजूनं बेचाळीस, त्रेचाळीस, करत चौपन्न गोमुखाशी. माझ्या नकाशात बेचाळीस गोमुखाशी होता आणि चौपन्न दाराशी. तेरा दगड शेवटापासून सुरुवातीकडे. वरच्या थरांतही तोच घोळ असणार.

पण याहून वाईट गोष्ट पुढे होती. गोठ्याची भिंत, ऊन, अंधारा बोळ ही कारणं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आले होते. त्या बोळात सायबण्णासारखा रुंद माणूस मावला, मी मावले नसते? मला आता लख्ख आठवलं. मी टेप आणि वही घेऊन गोमुखापर्यंत आले होते आणि माझे पाय आपोआप थांबले होते. मी देवभोळी नाही, उपास करत नाही. पण लहानपणी आजोळच्या देवळात आईचा हात धरून शिकलेलं पाऊल पायातच राहिलं होतं. महादेव म्हटला की तिथून मागं फिरायचं. आम्ही दोघं एकाच जागी थांबलो होतो. फरक एवढाच की तो दुसऱ्या बाजूनं येऊन आपलं काम पुरं करून गेला, आणि मी घरी गेले.

संध्याकाळी अण्णांना म्हटलं, "ते तेरा दगड उलट्या क्रमानं लावून बघू. सायबण्णानं वेगळ्या पद्धतीनं आकडे घातले असावेत."

वाक्य कसं रचलं ते पाहा. त्यात माझं नाव कुठेच नव्हतं.

सोमवार

सकाळी स्लॅबवाला मोटारसायकलवर येऊन हजर होता. अण्णांनी त्याला झाडाखाली बसवलं. गड्यांनी पहारी लावून दगड सरकवायला सुरुवात केली. बेचाळीस दाराशी. मग त्रेचाळीस. तो बसताना जो आवाज झाला तो मी विसरणार नाही. कपाटाचं जड दार नीट लागावं तसा. चव्वेचाळीस. पंचेचाळीस बसला, पण उडवलेल्या कडेपाशी बोटभर फट राहिली. पुढे सत्तेचाळीस, कोपऱ्याचा दगड, बरोबर कोपऱ्यावर आला तेव्हा मिस्त्रीनं हातातली पहार खाली टेकवली आणि कुणाकडेच न पाहता डोक्याला बांधलेला टॉवेल सोडून तोंड पुसलं.

चौपन्नावा बसेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. आणि मग सगळ्यांनाच ते दिसलं. दाराच्या एका अंगानं निघालेले हंस आणि दुसऱ्या अंगानं निघालेले हंस गोमुखाच्या दोन्ही बाजूंना येऊन समोरासमोर थांबले होते. एकानंही पन्हळ ओलांडलं नव्हतं. ज्यानं कुणी ते कोरले, त्याचेही पाय तिथंच थांबले होते.

स्लॅबवाल्याला चहा पाजून परत पाठवलं. अण्णांनी टोपी काढून हातात घेतली. डोळे त्यांचे भरले होते, पण तोंडानं म्हणाले, "म्हंजे सायबण्णाचीच चूक की. सरळ आकडं घालायचं सोडून उलटं घातलं. फुकट दोन महिनं गेलं."

शांताबाई कडेला बायकांत उभी होती. तिनं मान खाली घातली आणि पदर पुढे ओढला.

मी बोलले तेव्हा आवाज चिरका निघाला.

"सायबण्णाचे आकडे बरोबर होते. चूक माझी आहे. ही बाजू मी पाहिलीच नाही. गोमुखापाशी आले आणि परत फिरले. पुढचे आकडे घरी बसून टाकले, आणि चारही बाजू तपासल्या म्हणून सही केली."

अण्णा लांब शेताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मंग आता तपासा. समद्या बाजू. आमी उबं ऱ्हातो."

मी वही घेतली. एक, दोन, तीन. प्रत्येक दगडावर हात ठेवत, आकडा मोठ्यानं म्हणत निघाले आणि अण्णा तो नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत गेले. एकेचाळीसला आले. समोर गोमुख. पाय थांबले. मी मागे फिरून दाराकडून यावं का म्हणून वळलेच होते.

"वलांडा अक्का," शांताबाई म्हणाली. "तुमी मोजायला आलाव. देवाला कळतंय की."

मी ओलांडलं. एक पाऊल, त्यात विशेष काही नव्हतं, तरी पलीकडे टेकल्यावर मी मागे वळून त्या पन्हळाकडे एकदा पाहिलं. मग चौपन्न, त्रेपन्न, बावन्न करत दाराशी येऊन पोचले.

अण्णांच्या ओसरीवर बसून नवा कागद लिहिला. जेवायला गव्हाची हुग्गी होती, गुळाची, वर तूप; शुक्रवारच्या भाकरीनंतर पहिल्यांदा अन्नाची चव नीट लागली. कागदावर लिहिलं : चारही बाजू हात लावून तपासल्या. आकडे सायबण्णा पाथरवट यांनी घातले, ते सर्व बरोबर आहेत. आधीच्या नकाशातली चूक माझी. पंचेचाळीसाव्या दगडावरच्या हंसाला शेपूट नाही, तीही माझ्या चुकीमुळे. ती फट सिमेंटनं भरू नये.

सही केली. दाराशी शांताबाई आली होती. आत यायला तयार नव्हती. मी कागद घेऊन बाहेर गेले आणि वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"त्यांचं नाव लिवलंय?"

"लिहिलंय."

"कुटं हाय?"

मी कागद तिच्यासमोर धरला आणि तिचं बोट हातात घेऊन त्या नावावर ठेवलं. एसटी फाट्यावर येऊन हॉर्न वाजवत होती. ती बोट उचलेना, आणि मीही कागद तसाच धरून उभी राहिले.